पान, काढा आणि गोळी : हिवतापावरील वनौषधींविषयी वाचकांचे प्रश्न

भाद्रपद-आश्विनात तापी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांचे पूर ओसरतात, नाल्यांच्या पात्रांत डबकी उरतात आणि नंदुरबारपासून रावेरपर्यंतच्या दवाखान्यांत थंडी वाजून ताप येणाऱ्यांची रांग वाढू लागते. त्याच सुमारास या सदराकडे झाडपाल्याच्या औषधांविषयी पत्रे येतात. या वेळी आलेल्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या भागातील पाड्यांवर हिवताप आला की सातवीणीच्या सालीचा किंवा काडेचिराइताचा काढा देतात. क्विनाइन झाडाच्या सालीतूनच निघाले आणि आर्टेमिसिनिन पानांतून. मग आमच्या झाडांचा काढा पुरेसा नाही, असे डॉक्टर का म्हणतात? पालक मला हा प्रश्न विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. (प्राथमिक शिक्षक, अक्राणी तालुका)

उत्तर : गुरुजी, आपल्या प्रश्नाचा पहिला भाग पूर्णपणे खरा आहे. हिवतापावरील दोन सर्वांत महत्त्वाची औषधे वनस्पतींनीच दिली, आणि ती ज्यांनी प्रथम वापरली ते प्रयोगशाळेतले लोक नव्हते. म्हणून पाड्यावरच्या जाणत्या माणसाला अडाणी ठरवून या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. उत्तर सालीच्या आत किती औषध आहे, या मोजमापात आहे.

सिंकोनाची साल दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातून सतराव्या शतकात युरोपात पोहोचली. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे तिची पूड दारूत कालवून रुग्णाला पाजत असत. कोणाचा ताप जाई, कोणाचा जात नसे, कारण एका झाडाच्या सालीत औषध भरपूर असे आणि दुसऱ्याच्या सालीत ते नावालाच असे, आणि वरून पाहून हा फरक ओळखण्याचा खात्रीचा उपाय कोणाकडेच नव्हता. १८२० मध्ये पेलेटिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी सालीतून क्विनाइन वेगळे केले, तेव्हापासून औषध तोलून देणे शक्य झाले. पुढे १८६० नंतर इंग्रज सरकारने निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड केली, आणि तेथेही सालीत क्विनाइन किती उतरते हे तपासूनच कोणती जात ठेवायची ते ठरत गेले.

आपल्या झाडांचीही अशी पारख झालेली आहे, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सातवीणीची साल, काडेचिराईत, कुटकी आणि सागरगोट्याचे बी या चार द्रव्यांपासून केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने ‘आयुष-६४’ हे औषध हिवतापासाठीच तयार केले. आपल्या पाड्यांवर वापरतात त्यांपैकी दोन्ही झाडे त्यात आहेत. व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापाच्या रुग्णांवर त्याची क्लोरोक्विनशी तुलना करून पाहिली गेली आणि तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. अठ्ठाविसाव्या दिवशी क्लोरोक्विन घेतलेले सर्व रुग्ण बरे होते, तर आयुष-६४ घेतलेल्यांपैकी सुमारे निम्मेच. या निष्कर्षाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहतो. त्या झाडांत काही गुण असावा, असे मानायला त्यात जागा आहे. पण ज्या आजारात एका औषधाने सर्व रुग्ण बरे होतात, तेथे निम्म्यांना बरे करणारे औषध एकट्याने देणे म्हणजे उरलेल्या निम्म्यांचा जीव टांगणीला लावणे होय. फॅल्सिपॅरम प्रकारचा हिवताप असेल तर तो थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, आणि त्यासाठी दोन-चार दिवसांचा उशीरही पुरतो.

मग काढा घेतलेल्यांना गुण आल्यासारखा का वाटतो? व्हायवॅक्सचा ताप एक दिवस आड, म्हणजे अठ्ठेचाळीस तासांच्या फेऱ्याने येतो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतील विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या नव्हे तर फेऱ्याने येणाऱ्या तापाच्या, वर्णनात ‘तृतीयक’ आणि ‘चतुर्थक’ ही नावे अशाच फेऱ्यांवरून आलेली आहेत. हुडहुडी, मग ताप, मग दरदरून घाम असा क्रम संपला की दुसरा दिवस मोकळा जातो. त्या दिवशी सकाळी जो काढा घेतला असेल, त्यालाच यशाचे श्रेय मिळते. शिवाय व्हायवॅक्सचे जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. तोवर कुटुंब ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेले असते आणि तेथे उलटलेला ताप नवा समजला जातो. यकृतातील या जंतूंसाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या भारतातील पद्धतीप्रमाणे चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप उतरला की त्या बंद करण्याची चूक आपल्याकडे घरोघर होते. या गोळ्या गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या मुलांना देत नाहीत, आणि काही लोकांच्या रक्तातील जन्मजात उणिवेमुळे त्या बाधतात, म्हणून त्या आरोग्य केंद्राच्या देखरेखीखालीच घ्याव्यात.

आणखी एक अनुभव सांगतो. औषधी वनस्पतींचा विषय शिकवत असताना मी दरवर्षी विद्यार्थ्यांना काष्ठौषधीच्या निरनिराळ्या दुकानांतून काडेचिराईत आणायला लावत असे. टेबलावर सुतळीने बांधलेल्या जुड्या ओळीने मांडल्या की पहिल्या नजरेत सगळ्या सारख्याच दिसत. मग एकेक काडी मोडून पाहायची. खरे काडेचिराईत हिमालयाच्या बाजूने येते. त्याची काडी तपकिरी-जांभळट आणि आत पिवळसर, मऊ गर. पण कित्येकदा काडी हिरवट आणि चौकोनी निघे, म्हणजे तो काळमेघ. दोन्ही कडूच, त्यामुळे जिभेला फरक कळत नाही. पाड्यावर आजोबा सातवीण स्वतः ओळखून तिची साल काढत असतील तर तेथे ही फसगत होणार नाही, पण बाजारातील जुडीवर मुलाचा ताप सोपवताना पालकांनी हे लक्षात घ्यावे.

पालकांना आपण एवढेच सांगावे, की काढ्यावरून कोणाशी वाद नाही, परंतु थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी आशाताईंकडे बोटातले रक्त तपासून घ्यावे. किटवर पाव तासात, फार तर वीस मिनिटांत, निदान होते. हिवताप निघाला तर गोळ्यांचा पूर्ण कोर्स घ्यावा. सोबत कडू काढा घ्यायचा असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावा, लपवून घेऊ नये.

प्रश्न : आर्टेमिसिया नावाच्या झुडपाची शेती करा, एकरी चांगले उत्पन्न मिळते, असे एकाने सुचवले. त्याच्या पानांचा चहा घेतला की मलेरिया होत नाही, असेही तो म्हणाला. आमच्या चोपडा भागात केळी आणि कापूस सोडून हे पीक घ्यावे का? (शेतकरी, चोपडा तालुका)

उत्तर : चहाचे आधी सांगतो, कारण त्यात जिवाशी गाठ आहे.

या झुडपाचे नाव आर्टेमिसिया ॲनुआ. चीनमध्ये त्याला ‘छिंगहाव’ म्हणतात आणि तापावर त्याचा उपयोग चौथ्या शतकातील गे हाँग या वैद्याच्या ग्रंथात नोंदलेला आहे. १९६७ मध्ये चीन सरकारने हिवतापाच्या औषधाचा शोध घेण्यासाठी गुप्त प्रकल्प सुरू केला. त्यात थू योयो या संशोधिकेकडे जुन्या ग्रंथांतील वनस्पती पारखण्याचे काम आले. छिंगहावचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. गे हाँगच्या नोंदीत मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावा असे लिहिले आहे. उकळण्याचा उल्लेख त्यात नाही. उष्णतेने औषध नष्ट होत असावे, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी पाण्याऐवजी सुमारे पस्तीस अंश सेल्सियसला उकळणारे ईथर वापरले आणि १९७१ मध्ये १९१ व्या नमुन्याने प्रयोगातील उंदरांच्या रक्तातील सगळे जंतू नाहीसे झाले. पुढच्या वर्षी तो अर्क त्यांनी आधी स्वतः घेऊन पाहिला आणि मगच रुग्णांना दिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका ओळीतला ‘पिळून’ हा शब्द लक्ष देऊन वाचणाऱ्या त्या बाईंविषयी मला फार आदर वाटतो.

हे इतके सविस्तर सांगितले ते अशासाठी, की चहा करताना आपण नेमके उलट करतो. आर्टेमिसिनिन, म्हणजे या झुडपातील औषधी द्रव्य, पाण्यात फारसे विरघळत नाही. नऊ ग्रॅम पानांचा एक लिटर चहा करून तपासला गेला, तेव्हा त्यात शंभर मिलिग्रॅमपेक्षाही कमी आर्टेमिसिनिन मिळाले. रुग्णाला दिवसाकाठी लागणाऱ्या मात्रेच्या ते जेमतेम पाचवा हिस्सा होते. एवढ्याने जंतू मरत नाहीत, त्यांना औषधाची ओळख तेवढी होते. कंबोडियाच्या पश्चिम भागात आर्टेमिसिनिनला दाद न देणारे जंतू आढळले, तेव्हापासून जगभर ही काळजी आहे. म्हणूनच हे औषध एकटे न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसियाची पाने किंवा चहा हिवतापाच्या उपचारासाठी अथवा प्रतिबंधासाठी वापरण्यास पाठिंबा दिलेला नाही. चहाने मलेरिया होत नाही, असे सांगणाऱ्या माणसावर याबाबत विश्वास ठेवू नका.

आता शेतीचे. लखनौच्या सीमॅप या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या केंद्रीय संस्थेने आर्टेमिसियाच्या ‘जीवनरक्षा’ आणि ‘सिम-आरोग्य’ या जाती विकसित केलेल्या आहेत, त्यामुळे हे पीक भारतात होतच नाही असे नाही. पण त्याचे फुलणे दिवसाच्या लांबीवर ठरते. दिवस साडेतेरा तासांच्या खाली आला की झुडूप फुलोऱ्याकडे वळते, आणि फुलोऱ्यानंतर पानांतील औषध कमी होत जाते. आपला खानदेश एकवीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. येथे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतबाहेरच असतो. उत्तर भारतात झुडपाला वाढायला जी सवड मिळते, ती येथे कमी मिळेल आणि पाला भरण्याआधीच फुले येण्याचा धोका राहील. उशिरा फुलणारी जात असेल तरच विचार करावा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. पानांत एक टक्का औषध असले तरी ती जात उत्तम समजतात. म्हणजे टनभर वाळलेल्या पानांत फार तर दहा किलो द्रव्य, आणि काढताना त्यातलेही काही जाते. पाने मोंढ्यावर नेऊन विकता येत नाहीत. अर्क काढणारा कारखाना हाच गिऱ्हाईक. जगाच्या बाजारात आर्टेमिसिनिनचा भाव कधी आकाशाला भिडतो, कधी एकदम कोसळतो, आणि यीस्टच्या साहाय्याने त्याचा कच्चा माल कारखान्यात तयार करण्याची रीतही आता निघालेली आहे. लेखी करार, किमान भाव आणि रोपे कोणत्या जातीची हे कागदावर मिळाल्याशिवाय केळीची बाग मोडू नका. सुचवणारा रोपेच विकत असेल, तर अधिक सावध राहा.

प्रश्न : मुलाला मलेरिया झाला तर पपईच्या पानांचा रस, गुळवेल आणि तुळस द्यावी का? (गृहिणी, जळगाव)

उत्तर : ताई, पपईच्या पानांचा रस लोक डेंग्यूत पेशी वाढाव्यात म्हणून देतात, हिवतापाशी त्याचा संबंध नाही. गुळवेल आणि तुळस हेही हिवतापाचे औषध नव्हे. मुलगा सुस्तावला, दूध किंवा पाणी ठेवेनासा झाला, त्याला झटका आला, श्वास जोरात चालू लागला किंवा लघवी काळपट झाली, तर घरी काहीही न देता लगेच रुग्णालय गाठा. गंभीर हिवतापात आर्टेसुनेटचे इंजेक्शन देतात, आणि तेही आर्टेमिसियापासूनच तयार झालेले आहे.

प्रश्न : आफ्रिकेत पिवळ्या धोत्र्याचा काढा मलेरियावर देतात असे वाचले. आमच्या बांधावर तो उदंड आहे. तो वापरता येईल का? (निवृत्त कर्मचारी, अमळनेर)

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे, आणि मला ते संशोधन मनापासून आवडते. पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात संशोधकांनी प्रयोगशाळेऐवजी घरांपासून सुरुवात केली. अलीकडे मलेरिया झाला तेव्हा काय घेतले आणि पुढे काय झाले, असे ते घरोघर विचारत गेले. ज्या झाडाशी गुण येण्याचा संबंध सर्वांत ठळक दिसला ते आर्जेमोनी मेक्सिकाना, म्हणजे आपला पिवळा धोत्रा. नंतर त्याच्या काढ्याची रीतसर तुलना आर्टेमिसिनिन-जोडीच्या औषधाशी केली. काढा घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्णांना दुसरे औषध द्यावे लागले नाही, गोळ्या घेतलेल्यांत हे प्रमाण ९५ टक्के होते.

पण हे आकडे जसेच्या तसे अमळनेरला आणता येत नाहीत. आधीच्या अभ्यासात असे दिसले होते की काढ्याने रुग्णाला बरे वाटते, तरी रक्तातील जंतू पूर्ण जाणे विरळाच असते. मालीत वर्षानुवर्षे डास चावून लोकांच्या अंगी थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते, ती उरलेले जंतू थोपवून धरते. आपल्याकडे बहुतेकांत ती नाही.

त्याहून मोठी काळजी बियांची आहे. या झाडाची बारीक काळी बी मोहरीसारखीच दिसते. तिचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ मध्ये दिल्लीत पाय सुजण्याची आणि हृदय निकामी होण्याची साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. पिकलेली बोंडे बोटांत चुरडली की बी पाल्यात सहज मिसळते. शिवाय नावाचा घोळ आहे. पांढऱ्या कर्ण्यासारख्या फुलाचा, काटेरी फळाचा धोत्रा हे अगदी वेगळे झाड आहे आणि ते जहाल विषारी आहे. ‘धोत्र्याचा काढा मलेरियावर चालतो’ एवढेच वाक्य एका तोंडून दुसऱ्या तोंडी गेले, तर कोण काय उकळेल याचा नेम नाही. म्हणून कृपा करून हे वाक्य पुढे पाठवू नका आणि काढाही करू नका.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. सातपुड्यातील हिवतापावरच्या वनस्पतींवर प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कोठून करू? (शिरपूर)

उत्तर : तुझे पत्र वाचून मला फार आनंद झाला. पुष्कळ विद्यार्थी सुरुवात अर्क काढण्यापासून करतात आणि शेवटी ‘या अर्कात गुण आढळला’ असे लिहून थांबतात. नेमके कोणते झाड, कोणत्या महिन्यातले, कोणी सांगितलेले, हे त्यात नसते, त्यामुळे ते काम पुढे कोणालाच वापरता येत नाही.

प्रयोगशाळेतील वाट साधारण अशी आहे. फॅल्सिपॅरमचे जंतू माणसाच्या तांबड्या पेशींत प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत १९७६ पासून उपलब्ध आहे. त्यांच्यावर अर्क टाकून किती कमी मात्रेत ते मरतात हे पाहतात. त्याच वेळी तोच अर्क माणसाच्या निरोगी पेशींवरही पाहावा लागतो, कारण जंतूंना मारणारी पुष्कळ द्रव्ये पेशींनाही मारतात. चीनमधील छांगशान या झुडपातील फेब्रिफ्यूजिन हे त्याचे बोलके उदाहरण आहे : जंतूंवर जालीम, पण उलट्या आणि यकृताला इजा यांमुळे रुग्णाला देता न येणारे. त्यानंतर उंदरांवरची चाचणी आणि मग माणसांवरच्या परीक्षेचे टप्पे. २०१५ मध्ये आपल्या औषधविषयक नियमांत ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा नवा वर्ग आला. एकच शुद्ध द्रव्य वेगळे न काढताही, किमान चार घटक मोजून प्रमाणित केलेल्या शुद्ध अर्काला त्यात औषध म्हणून मान्यता मागता येते. सातपुड्यातील एखाद्या झाडाला उद्या औषधाचा मान मिळायचा असेल, तर मला ही वाट सर्वांत जवळची दिसते.

यातले बहुतेक काम तुझ्या महाविद्यालयात होणार नाही, आणि तसे व्हावे अशी अपेक्षाही नको. तुझ्या हाती आहे तो पहिला टप्पा, आणि तो नीट झाला तर पुढच्यांना वीस वर्षे पुरेल. मालीतल्या संशोधकांप्रमाणे तू झाडांपासून नव्हे, आजाऱ्यांपासून सुरुवात कर. मागच्या पावसाळ्यात घरात कोणाला ताप आला, रक्त तपासले होते का, काय घेतले, कितव्या दिवशी उठून कामाला लागले, पुन्हा ताप आला का, हे विचार. रक्ततपासणीत हिवताप निघालेले आणि न तपासलेले ताप यांचे तक्ते वेगळे ठेव, कारण प्रत्येक ताप हिवताप नसतो आणि ही सरमिसळ झाली की साधे गवतही गुणकारी दिसू लागते.

पाड्यावर जाण्याआधी ग्रामसभेला आणि कारभाऱ्यांना भेट. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. तुझ्या गावाची वही झाली असेल तर ती आधी वाच, नसेल तर ग्रामपंचायतीत विचार. ज्या बडव्याने (पाड्यावरच्या वैदूने) किंवा आजीने झाड दाखवले, तिला तू काय लिहिलेस ते तिच्या भाषेत वाचून दाखव आणि ‘हे छापू का’ असे विचारूनच छाप. ती नाही म्हणाली तर ते पान वहीतून काढून तिच्या हाती दे.

झाड गोळा करताना फूल किंवा फळ असलेली फांदी घे, नुसती पाने चालणार नाहीत. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून रोज कागद बदल, नाहीतर पावसाळी हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. सातवीणीसारख्या चिकाच्या झाडाची फांदी कापल्यावर चीक आधी टिपून घे, म्हणजे पाने कागदाला चिकटणार नाहीत. चिठ्ठीवर पावरी किंवा भिली नाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव, पाडा, तारीख, कोणता भाग वापरतात, किती मुठी, किती पाण्यात, उकळून की ठेचून, आणि सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने लिही. ‘उकळून की ठेचून’ हा रकाना कधीही रिकामा सोडू नकोस.